देवाने माणसाला लावलेला कौल

शाळेत सकाळची प्रार्थना चालू असताना मुख्याध्यापकाची नजर मुलांच्या ओठांवर असते. आमच्या व्यवसायातली ही जुनी खोड आहे. काही वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलाचे ओठ मला मिटलेले दिसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला कार्यालयात बोलावले आणि चांगले फैलावर घेतले. मुलगा उद्धट नव्हता. थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "सर, म्हणूंक लायल्लें मागणें देवाक पावता?" मी त्याला "वर्गात जा" एवढेच सांगितले. उत्तर सुचले नाही म्हणजे मास्तर लोक असेच सांगतात.

मुलगा आमच्या हरमलच्याच एका ख्रिस्ती घरातला. त्याच्या घरी संध्याकाळी तेर्स होतो, शेजारच्या घरात त्याच वेळी देवापुढे दिवा लागतो. दोन्ही घरांतल्या मुलांना प्रार्थना म्हणायला बसवावेच लागते. पण या मुलाचा प्रश्न शाळेच्या शिस्तीपुरता नव्हता, हे पुढे विचार करताना ध्यानात आले. ख्रिस्ती धर्मातली सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे येशूला विचारले तेव्हा त्याने सांगितले की परमेश्वरावर पूर्ण अंतःकरणाने प्रेम करावे. आता प्रेम आणि आज्ञा या दोन गोष्टी एकत्र नांदायच्या कशा? आज्ञा पाळून जे होते ते प्रेम नव्हे, आणि प्रेम असेल तर आज्ञेची गरज काय? शिवाय ख्रिस्ती मत असेही सांगते की माणसाला देवावर प्रेम करता येते तेदेखील देवाच्या कृपेनेच. म्हणजे हुकूमही त्याचा आणि पाळण्याचे बळही त्याचेच. मग माणसाच्या वाट्याला उरले काय?

हा प्रश्न मराठी वाङ्मयाला परका नाही. आपल्या भाषेत तो चारशे वर्षांपूर्वी आला आणि तोही गोव्यातच. त्या वाङ्मयाकडे आपण या दृष्टीने फारसे पाहिलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

१

फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातली कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. भाषा मराठी, तिच्यात कोकणीची सरमिसळ, आणि लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही हस्तलिखितांच्या रूपाने हे पुराण गोव्यातून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांत टिकले, आणि १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले.

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला या ग्रंथाची एकच गोष्ट ठाऊक असते : स्टीफन्सने केलेली मराठीची स्तुती. त्या चार-पाच ओव्या पाठ झाल्या की पुस्तक मिटते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती स्तुती फारच प्रिय, कारण वादाच्या वेळी ती उपयोगी पडते. पण एका परदेशी माणसाकडून आपण भाषेचे प्रशस्तिपत्र तेवढे घेतले आणि त्याला जे सांगायचे होते त्याकडे पाठ फिरवली, हे काही रसिकपणाचे लक्षण नव्हे.

स्टीफन्स जन्माने इंग्रज, विल्टशरचा, आणि धर्माने कॅथलिक. त्याच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणीचे राज्य होते. राज्याचा धर्म तोच प्रजेचा धर्म, असा कायदा होता आणि कॅथलिकांना दंड, कैद भोगावी लागत असे. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाऊंड याच पायी तुरुंगात गेला. स्टीफन्सने रोम गाठले, तो जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. सक्तीच्या धर्मातून सुटून आलेला हा माणूस पुढची बरीच वर्षे साष्टीत राहिला. आणि त्या साष्टीत काय होते? तो येण्यापूर्वी बारा वर्षे, १५६७ साली, तेथली देवळे पाडली गेली होती. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला नेऊन भक्तांनी आपले देव वाचवले होते. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते. इंग्लंडमध्ये स्टीफन्सच्या माणसांवर सक्ती झाली, येथे त्याच्याच बाजूच्या सत्तेने सक्ती चालवली. हा विरोध ध्यानात घेतल्याशिवाय 'ख्रिस्तपुराण' नीट वाचता येत नाही.

पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काय देणार? सगळ्या ग्रंथाची निर्मिती या मागणीतून झाली असे स्टीफन्स दाखवतो. समीक्षक या प्रसंगात ग्रंथाचे प्रयोजन शोधतात, ते बरोबरच आहे. मला मात्र त्यात त्या ब्राह्मणाची कोंडी दिसते. घरातल्या पोथ्या गेल्या, कान मात्र ओवीला सरावलेलेच राहिले. साष्टीतल्याच केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली श्रीकृष्णचरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते. अशा मातीतला माणूस नुसत्या प्रश्नोत्तरांच्या धर्मशिक्षणावर किती दिवस काढणार?

आणि येथेच स्टीफन्सचे मोठेपण आहे. सत्ता हुकूम देऊ शकते, पण पुराण हुकमाने ऐकवता येत नाही. श्रोत्याला गोडी वाटली पाहिजे, त्याच्या शंकेला जागा दिली पाहिजे, कथेत त्याचे मन आपण होऊन शिरले पाहिजे. स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' म्हटले, तारणाऱ्याला 'मोक्षराजा' म्हटले, ओवी घेतली, वक्ता-श्रोत्याची जुनी मांडणी घेतली. हे केवळ चातुर्य म्हणून सोडून देता येत नाही. ज्याला माणसाच्या इच्छेची किंमत नाही, तो त्याच्या कानाची इतकी मनधरणी करत नाही. राज्याने जे स्वातंत्र्य श्रोत्याला नाकारले, ते वाङ्मयप्रकाराने थोडेसे परत दिले. थोडेसेच, हेही मान्य केले पाहिजे. कारण ऐकणाऱ्याला उठून जाण्याची सोय नव्हती.

२

स्टीफन्स ओव्या रचत होता त्याच वर्षांत युरोपात त्याच्या पंथाच्या लोकांचा एक कडाक्याचा वाद चालू होता आणि विषय हाच होता.

वाद मुळात जुना. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन आणि पेलेजियस यांच्यात तो पेटला. देवा, तू जे करायला सांगतोस ते करण्याचे बळही तूच दे, अशा आशयाची ऑगस्टीनची प्रार्थना कानी पडताच पेलेजियस चिडला. त्याचे म्हणणे असे की बळही देवानेच द्यायचे असेल तर माणूस कशाला जबाबदार? देवाने बुद्धी दिली, इच्छा दिली, आता माणसाने वागून दाखवावे. ऑगस्टीनने स्वतःच्या तरुणपणाकडे पाहिले होते. चांगले काय ते कळूनही मन वळत नाही, हा त्याचा अनुभव होता. इच्छा आहे, पण ती आजारी आहे. आजारी माणसाला 'चाल' म्हणून सांगणे पुरेसे नसते, असे त्याचे उत्तर. चर्चने ऑगस्टीनची बाजू घेतली. पुढे १५२४-२५ मध्ये इरॅस्मस आणि ल्यूथर यांच्यात पुन्हा हाच वाद झाला. ल्यूथरच्या मते देवाच्या बाबतीत माणसाची इच्छा बंदिवान आहे. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने मधली वाट सांगितली : सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, पण माणूस दगडासारखा निर्जीव नव्हे. तो त्या कृपेला होकार देऊ शकतो, तसाच नकारही.

मग होकार कोणाचा, हा प्रश्न उरलाच. लुईस द मोलिना या जेझुइटाने १५८८ साली लिस्बनमध्ये ग्रंथ छापून सांगितले की कोणत्या परिस्थितीत कोणता माणूस आपखुशीने काय करील हे देव आधीच जाणतो, आणि ते जाणूनच कृपा देतो. होकार माणसाचाच राहतो. डोमिनिकन पंथाच्या बान्येझला हे पटले नाही. माणसाच्या इच्छेला हलवणाराही देवच, आणि तो हलवतो म्हणून ती कमी स्वतंत्र होत नाही, असा त्याचा पक्ष. रोममध्ये वर्षानुवर्षे चौकशी चालली. शेवटी १६०७ साली पाचव्या पॉल पोपने दोघांपैकी कोणालाच दोषी ठरवले नाही, आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका, अशी ताकीद दिली. निर्णय झाला नाही, हे मला फार बोलके वाटते. इतक्या मोठ्या न्यायासनालाही या गाठीवर सुरी चालवावीशी वाटली नाही.

आपल्याकडे दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत याच प्रश्नावर दोन शाखा झाल्या. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तसे भक्ताने देवाला धरावे, हे वडकलैंचे मत. मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लू काहीच करत नाही, तशी देवाची कृपा, हे तेंकलैंचे. पेलेजियस माकडिणीच्या बाजूचा आणि ल्यूथर मांजरीच्या, असे ढोबळमानाने म्हणता येईल. पण भेदही विसरून चालणार नाही. आपल्या मनात कृपेच्या समोर उभे असते ते कर्म, प्रारब्ध, जन्मोजन्मीचा हिशेब. ख्रिस्ती विचारात कृपेच्या समोर उभी असते ती एकाच जन्मातली, पापाने दुबळी झालेली, तरीही विचारली जाणारी इच्छा.

आणि तरी गोव्याच्या ख्रिस्ती धर्मभाषेने शब्द घेतला तो 'कृपा' हाच. इगर्ज, खुरीस, फेस्त असे पोर्तुगीज शब्द आमच्याकडे रुळले. पण मनाच्या आतल्या गोष्टींसाठी परका शब्द चालला नाही. श्रद्धेला 'भावार्थ', प्रेमाला 'मोग' आणि देवाच्या अनुग्रहाला 'कुरपा'. आजही तेर्सात सायबिणीला 'कुरपेने भरलेली' म्हणतात, तेव्हा तो आपल्या संतांच्या घरातलाच शब्द असतो. 'भावार्थ' तर आपण मराठीत कवितेचा विचारतो. तेथे तो देवावरच्या विश्वासाचा आहे. स्टीफन्सच्या पुराणातही हाच अर्थ. मराठीच्या अभ्यासकाने या एका शब्दावर थांबून विचार करावा, एवढा तो मोलाचा आहे.

३

सायबिणीचे नाव निघाले म्हणून दुसऱ्या पुराणातल्या एका प्रसंगाकडे वळतो. लूकच्या शुभवर्तमानातला, गाब्रिएल दूत मरियेकडे येतो तो हा प्रसंग. देवाचा पुत्र तुझ्या पोटी जन्म घेणार, असे दूत सांगतो. मरिया घाबरते, विचारते की हे होणार कसे, आणि उत्तर ऐकल्यावर होकार देते. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डने एका प्रवचनात या क्षणाचे चित्र काढले आहे : आदामापासूनचे सारे मानव, स्वर्गातले दूत, आणि खुद्द देवही त्या मुलीच्या उत्तराची वाट पाहत थांबले आहेत.

हे वाचले तेव्हा मला आमच्या पेडण्यातल्या कौलाची आठवण झाली. काही ठरवायचे असले म्हणजे आपण देवळात जातो, देवाला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे होते, आणि सगळे श्वास रोखून बघतात. उजवी पाकळी पडली की देवाचा होकार. माणूस विचारतो, देव उत्तर देतो, आणि उत्तर येईपर्यंत माणूस थांबतो. मरियेच्या प्रसंगात हे सगळे उलटे झाले आहे. येथे देवाने माणसाला कौल लावला आहे आणि पाकळी पडण्याची वाट देव बघतो आहे.

ख्रिस्ती मताचा गाभा मला या चित्रात सापडतो. मरिया आधीच कृपेने भरलेली आहे, असे दूत पहिल्याच वाक्यात सांगतो. म्हणजे कृपा आधी. पण तिने नाही म्हटले असते तर? तो 'तर' खरा आहे म्हणूनच होकाराला मोल आहे. कृपा आधी येते, पण दाराची कडी आतून असते. योहानाच्या पत्राचेही म्हणणे हेच की त्याने आधी प्रेम केले म्हणून आपण करू शकतो. 'करू शकतो' म्हणजे 'करावेच लागते' असे नव्हे. तेव्हा प्रेमाची आज्ञा ही सरकारी फर्मानासारखी नाही, ते बोलावणे आहे.

आणि याच कसोटीवर त्या काळच्या गोव्याकडे पाहिले तर काय दिसते? ज्या धर्माचा देव एका मुलीच्या होकारासाठी थांबला, त्या धर्माच्या नावाने राज्य करणारे थांबायला तयार नव्हते. त्यांनी पाकळीला बोट लावले. हा ठपका बाहेरचा मापदंड लावून मी ठेवत नाही. 'ख्रिस्तपुराण'च तो ठेवते, ग्रंथकर्त्याने तो उघड शब्दांत लिहिलेला नसला तरी. पेडणे पोर्तुगीजांकडे आले ते १७८८ साली. तोवर सक्तीचा तो काळ ओसरला होता, म्हणून आमची देवळे आणि आमच्या इगर्जी एकाच गावात नीट नांदल्या. आम्ही त्यात काही पराक्रम केला असे नाही.

४

मराठीत या प्रश्नाचे मोकळे उत्तर यायला पुढे जवळजवळ तीन शतके जावी लागली, आणि ते ओवीबद्ध पुराणात आले नाही, एका बाईच्या आठवणींत आले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. आपण त्यातला विनोद वाचतो, भाषेचा साधेपणा वाखाणतो. माझ्या मते कृपा आणि इच्छास्वातंत्र्य या विषयावरचा मराठीतला सर्वांत सरस ग्रंथही हाच आहे, आणि त्यात हे दोन शब्द शोधावेच लागतात.

नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांची ताटातूट झाली. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या त्याही आपले सोवळे सांभाळून. टिळक तापट, लहरी, हातात पैसा न टिकणारे. बाईंनी यातले काही झाकलेले नाही. पण धर्माच्या बाबतीत हा उतावळा माणूस थांबला. बाईंचा पालट झाला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने : जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, स्वतःच सोडवला आणि विटाळाची कल्पना टाकून दिली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

कोणी म्हणेल, त्या काळच्या, पदरात मूल असलेल्या बाईला नवऱ्याकडे परतण्याखेरीज दुसरा मार्ग कोणता होता? हा आक्षेप खरा आहे. पण नवऱ्याच्या घरी राहणे वेगळे आणि त्याचा देव मनापासून आपला म्हणणे वेगळे. पहिल्यात परिस्थितीचा रेटा होता, दुसरे त्यांनी लांबवले ते अखेर आपल्याच पायांनी उंबरा ओलांडण्यासाठी. म्हणूनच टिळकांच्या मृत्यूनंतर, १९१९ नंतर, त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्या पुरे करू शकल्या. उसन्या श्रद्धेवर इतके मोठे काम होत नाही.

पंडिता रमाबाईंची कथा याच्या दुसऱ्या टोकाची. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तेथल्या धर्मभगिनींशी त्यांचे मतभेद सुरू झाले. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाकडे गहाण ठेवणार नाही, हा त्यांच्या पत्रव्यवहाराचा सूर आहे. इच्छास्वातंत्र्याचा एवढा खणखणीत कैवार एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या मराठी स्त्रीने क्वचितच घेतला असेल. आणि याच रमाबाईंनी १९०७ साली आपल्या साक्षीत लिहिले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो पुढे मिळाला आणि तो आपल्या कर्तबगारीने नव्हे, देणगी म्हणून मिळाला, असे त्या सांगतात. जिने कोणापुढे मान तुकवली नाही, तिनेच सर्वांत मोकळेपणाने 'हे माझे नव्हे' असे म्हटले. मला यात विसंगती दिसत नाही. जी इच्छा स्वतःची आहे तीच दुसऱ्याला देता येते. हिसकावून घेतलेली वस्तू अर्पण होत नाही.

५

तेव्हा त्या मुलाला उत्तर काय द्यावे? म्हणायला लावलेली प्रार्थना देवाला पावते का, हे देवाच्या वतीने सांगण्याचा अधिकार मला नाही. पण मराठीतले हे तीन ग्रंथकार एकाच दिशेला बोट दाखवतात. स्टीफन्सला सत्ता पाठीशी असूनही श्रोत्याचे मन ओवीने वळवावे लागले, लक्ष्मीबाईंना कोणी ओढत नेले नाही, आणि रमाबाईंनी आधी स्वातंत्र्य राखले मग कृपा मान्य केली. देवाची कृपा थोर असेल, पण माणसाच्या होकाराला ती वळसा घालून जात नाही.

आपल्या सीमेवरच्या घरांत दोन भाषा, कित्येकदा दोन धर्म, भिंतीला भिंत लावून राहतात. मुलांनी आपली भाषा, आपला देव धरून ठेवावा असे आपल्याला मनापासून वाटते, आणि त्या काळजीपोटी आपला हात सहज पाकळीकडे जातो. तो आवरला पाहिजे. ओवी ऐकवावी, कथा सांगावी, स्वतः वागून दाखवावे आणि थांबावे.

तो मुलगा दहावी होऊन केव्हाच गेला. पुढे एकदा इगर्जीच्या फेस्ताला तो मला गर्दीत दिसला, मेणबत्ती हातात धरून, डोळे मिटून उभा होता. ओठ हलत होते की नाही ते अंधारात मला दिसले नाही. शाळेच्या प्रार्थनेतही आता मी मुलांच्या ओठांकडे पाहत नाही.